मावळत्या दृष्टीचा संसार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मोशी येथे दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी मला बोलावयाचा आग्रह केला, तेव्हा भाषणाचे नावही त्यांनीच सुचविले होते. ते नाव होते ‘अंधत्वावर मात’. मी त्यांना विनंती करून ते बदलून घेतले. ‘मात’ हा शब्द आखाड्यातला किंवा बुद्धिबळाच्या पटावरचा आहे. तेथे डाव संपतो, कोणी हरतो, कोणी जिंकतो आणि प्रेक्षक घरी जातात. ज्याची दृष्टी वर्षानुवर्षे थोडी थोडी कमी होत जाते, त्याचा डाव असा संपत नाही. जुन्या वाड्यात एखादा भाडेकरू असतो. तो भाडे देत नाही, जागा सोडीत नाही, दरवर्षी आणखी एखादी खोली मात्र बळकावतो. त्याच्यासह त्याच वाड्यात आपला संसार आनंदाने कसा करावयाचा, हा माझा आजचा विषय आहे. गेली सदतीस-अडतीस वर्षे असा एक भाडेकरू माझ्या डोळ्यांत राहत असल्याने या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला पोहोचतो, असे मी समजतो.

हे भाषण मी कागदावरून वाचीत नाही. आज माझ्या दृष्टीचा जो भाग शिल्लक आहे, तो हात लांब करून धरलेल्या रुपयाएवढा आहे. त्यातून समोरच्या एका व्यक्तीचा चेहरा दिसतो, शेजारच्या दोघांचा दिसत नाही. मुद्दे मी मोबाईलवर बोलून ठेवले होते, आज सकाळी ते पाच वेळा ऐकले आणि आता आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम थोडे शास्त्र सांगावयास हवे, कारण आपल्या समाजात या व्याधीविषयी दयाभाव पुष्कळ असला तरी माहिती फार थोडी आहे. डोळ्याच्या मागील बाजूस जो पडदा असतो, त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात व कडेचे पाहण्यासाठी दंडाकृती पेशी, आणि भर उजेडात, रंगांसाठी व बारीक अक्षरांसाठी शंकूच्या आकाराच्या पेशी. पहिल्या प्रकारच्या सुमारे बारा कोटी, दुसऱ्या प्रकारच्या सुमारे साठ लाख. माझ्या व्याधीचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगभरात साधारणपणे चार हजारांत एकाला ती असते. तीत दंडपेशी आधी झडतात. त्यामुळे आरंभी फक्त रात्रीचे दिसेनासे होते, मग दोन्ही बाजूंचे जग हळूहळू पुसले जाऊ लागते आणि शेवटी नळीतून पाहावे तसे मधलेच तेवढे उरते. निरोगी माणसाला मान न वळविता दोन्ही डोळ्यांनी मिळून सुमारे १८० अंशांचा देखावा दिसतो. आमचा तो चाळीस, वीस, दहा असा उतरत जातो.

यातील चमत्कारिक गोष्ट अशी की, मध्यभाग शाबूत असल्याने आम्हाला वर्तमानपत्र वाचता येते, पण पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. ही विसंगती लोकांच्या ध्यानात येत नाही. लग्नमंडपात आम्ही कोणाच्या समोरून सरळ निघून जातो, तेव्हा ‘ओळख देत नाही, फार चढला आहे’ असे म्हटले जाते. संध्याकाळी रस्त्यात अडखळलो तर त्याहून वाईट म्हटले जाते. धान्यातला खडा वेचणारी सून अंगणातल्या पाटाला अडखळून पडते, तेव्हा सासूला ते सोंग वाटते. सासूचाही यात फारसा दोष नाही. तिला आंधळा माणूस ठाऊक आहे, डोळस माणूस ठाऊक आहे, या दोहोंच्या मधला माणूस तिला कोणी कधी दाखविलेलाच नाही.

अशा मधल्या माणसांची संख्या केवळ माझ्या व्याधीपुरती नाही. काचबिंदूत दृष्टी अशीच कडेकडून व मुकाट्याने जाते. दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली परत येत नाही. वेळीच थेंब सुरू केले तर राहिलेली मात्र राखता येते. मधुमेहाने दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. वार्धक्यात दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजतो. तेथे माझ्या उलट प्रकार होतो, कडेचे दिसते आणि समोरचा चेहराच पुसला जातो. मोतीबिंदू मात्र या यादीत धरू नये, कारण तो शस्त्रक्रियेने बरा होतो. एवढे साधे कळले नसल्याने ‘पिकू द्या, मग काढू’ म्हणत वर्षानुवर्षे चाचपडणारी म्हातारी माणसे मी या मोशीतच पाहिली आहेत. आणि रातांधळेपणाही दोन प्रकारचा असतो. जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने होणारा आहाराने व औषधाने सुधारतो. आनुवंशिक रातांधळेपणा गाजरे खाऊन वा शेवग्याच्या पाल्याने जात नाही. माझ्या आईने मला दोन्ही पुष्कळ खाऊ घातले. प्रकृती उत्तम राहिली, हे मी नाकारीत नाही.

मी १९७९ साली पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. तेव्हा मोशी हे नाशिक रस्त्यावरचे शेतकऱ्यांचे गाव होते. महापालिकेत ते १९९७ साली आले, आणि आजचे उंच इमले त्यानंतरचे. मायक्रोमीटर हाती धरून शतांश मिलिमीटरचा फरक सांगणे हे माझे काम होते, आणि ते मी पुढे पुष्कळ वर्षे बिनचूक केले, कारण मधली दृष्टी चोख होती. अडचण होती ती तिसऱ्या पाळीची, गोदामातल्या अंधाऱ्या वाटेची, पुढून येणाऱ्या ढकलगाडीची. १९८८ साली निदान झाल्यावर मी पंधरा दिवसांतच वरिष्ठांना कागद दाखवून दिवसपाळी मागून घेतली, आणि पुढे दृष्टी आणखी उतरली तेव्हा शिकाऊ मुलांना मापनविद्या शिकविण्याचे काम मागून घेतले. ते मिळाले हे माझे भाग्य. अनेकांना ते मिळत नाही, हेही मला ठाऊक आहे. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात आपल्या ज्ञातीतील शेकडो तरुण यंत्रांवर आणि वाहनांवर काम करतात, म्हणून कायद्याची बाजू येथे स्पष्ट सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणत्याही शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही की त्याचा हुद्दा उतरविता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. खासगी कारखान्यांना हे बंधन अशा शब्दांत लागू नाही, ही त्या कायद्यातली मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट, याच कायद्यात ‘अल्पदृष्टी’ची व्याख्या केवळ अक्षरे वाचण्यावर ठरविलेली नाही. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा अधिक नसेल तर ती अल्पदृष्टी आहेच, पण दृष्टिक्षेत्र चाळीस अंशांहून कमी झाले असेल तरीही ती अल्पदृष्टीच, आणि दहा अंशांच्या आत गेले की कायद्याने अंधत्व. ‘मला तर अक्षर दिसते, मला प्रमाणपत्र कोण देणार?’ असे म्हणून घरी बसलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे, आणि सरकारमान्य रुग्णालयात दृष्टिक्षेत्राची तपासणी करून प्रमाणपत्र व ओळखपत्र घ्यावे. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? शिधापत्रिका घेताना आपण लाजतो का?

आता आशेविषयी. या शब्दाचा आमच्याशी बोलताना फार सैल वापर होतो. ‘काही होणार नाही, देव सर्व ठीक करील’ असे म्हणणारे आप्त प्रेमाने बोलतात, पण त्या बोलण्याने माणूस वाट पाहत बसतो. आणि वाट पाहणाऱ्या माणसाला गाठणारे पुष्कळ असतात. डोळ्यांत घालावयाचा कोणता तरी रस, कानामागे दाबावयाची कोणती तरी शीर, परगावचा कोणी तरी ‘खात्रीचा’ वैद्य. यात दागिने मोडलेली घरे मला ठाऊक आहेत. म्हणून जे खरे आहे ते सांगतो. माझ्या व्याधीस सर्वांना लागू पडेल असा उपाय आज नाही. मात्र २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत एका जनुकोपचारास मान्यता मिळाली. आरपीई-६५ नावाच्या एका जनुकातील दोषाने ज्यांची दृष्टी जाते आणि ज्यांच्या दृष्टिपटलात जिवंत पेशी अद्याप शिल्लक आहेत, अशा रुग्णांच्या डोळ्यांत निरोगी जनुक सोडले जाते. दोन डोळ्यांची तेथील किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली होती. या व्याधीस कारण होणारी जनुके अनेक आहेत, आणि हा उपचार त्यांपैकी एकापुरता आहे. तरीही बंद वाटलेल्या भिंतीत एक दार आहे, हे सिद्ध झाले. माझ्या नातवंडांच्या पिढीत आणखी दारे उघडतील, असे मी मानतो. परंतु त्या दाराशी मी उशी घेऊन बसून राहणार नाही.

तर मग आज काय करावयाचे? माझ्या मते या व्याधीत सर्वांत मोलाचा काळ म्हणजे हा मधलाच काळ. थोडे दिसत असतानाच न दिसण्याची विद्या शिकून घ्यावी. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपण घराची कौले चाळतो, पाणी गळू लागल्यावर शिडी शोधीत नाही, तसेच हे आहे. आमच्या समाजात नेमके उलट घडते. ब्रेल शिकणे म्हणजे आंधळा झाल्याची कबुली, पांढरी काठी हातात घेणे म्हणजे अपशकुन! दिसत असताना काठी घेतली तर लोक काय म्हणतील, आणि दिसेनासे झाल्यावर शिकावयाचे मनच राहत नाही. मी पांढरी काठी घेतली तेव्हा मला दिवसा चांगले दिसत होते. सायंकाळी हा नाशिक रस्ता ओलांडताना ती काठी दिसली की ट्रकवालाही थबकतो, हा माझा अनुभव आहे. त्यापूर्वी तोच ट्रकवाला मला काय म्हणत असे, ते या सभेत सांगण्याजोगे नाही.

या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण मी आवर्जून सांगतो, कारण ते माझ्या व्याधीच्या जातीचे आहे. महाबळेश्वरचे श्री. भावेश भाटिया यांची दृष्टी दृष्टिपटलाच्या विकाराने लहानपणापासून क्षीण होत गेली, आणि ऐन तारुण्यात, सुमारे तेविसाव्या वर्षी, पूर्ण गेली. टेलिफोनवरची नोकरी गेली, आणि त्याच सुमारास आईही कर्करोगाने गेली. त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघटनेच्या केंद्रात मेणबत्त्या करण्याचे शिक्षण घेतले आणि महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर मेणबत्त्या विकू लागले. तेथेच त्यांची नीताबाईंशी गाठ पडली. त्या डोळस. पुढे विवाह झाला, ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभा राहिला आणि आज त्यात काम करणारे बहुतेक हात अंध बंधुभगिनींचे आहेत. शिवाय हे गृहस्थ अपंगांच्या स्पर्धांत गोळाफेक, थाळीफेक करतात. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी देणगी मागितली नाही, गिऱ्हाईक मागितले. वितळलेल्या मेणाची ऊब, साच्याची कड, वातीचा ताण, या गोष्टी बोटांना कळतात आणि त्यासाठी डोळ्यांची गरज नसते, हे ओळखून त्यांनी धंदा निवडला. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात अशी कामे किती तरी आहेत. जुळणी, बांधणी, मोजणी, दूरध्वनी, शिकवणी. ती शोधणारी नजर मात्र आधी कुटुंबात असावयास हवी.

जुन्या काळातही अशी माणसे होऊन गेली. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांस लहानपणी नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने इजा झाली. शाळेचे शिक्षण थांबले. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना गाणे शिकावयास ठेवण्यात आले, आणि त्याच विद्यार्थ्याने ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांची कथा त्याहून विलक्षण. चित्रपटाच्या ध्यासाने त्यांनी रात्रंदिवस डोळे इतके शिणविले की दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी व तीन-चार चष्म्यांच्या साह्याने ती पुन्हा कामापुरती आली. त्यानंतर १९१२ साली ते विलायतेस गेले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळक्यांची दृष्टी परतली, आमची परतणार नाही, हा भेद मी विसरत नाही. पण चष्म्यांची चळत टेबलावर ठेवून काम करणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो. भिंग, दिवा, मोठ्या अक्षराचा कागद, काळ्या पाटावर पांढरे पीठ, जे साधन उपयोगी पडेल ते घ्यावे, त्यात मानापमान नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलतो. अशा प्रसंगी आम्हाला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणण्याची प्रथा आहे, आणि विदर्भातील संत गुलाबराव महाराजांचा दाखला हटकून दिला जातो. महाराजांविषयी मला नितांत आदर आहे. तान्हेपणी दृष्टी गेली असता त्यांनी केवढी ग्रंथसंपदा निर्माण केली, ते सर्वश्रुत आहे. पण प्रत्येक मंददृष्टी गृहस्थ काही संत नसतो. बाहेरची दृष्टी गेली म्हणून आतली आपोआप उघडत नाही. मला अंतर्ज्ञान झालेले नाही. मला दिव्याखालची जागा, जिन्याला पिवळी पट्टी आणि वाटेतून हलविलेली सायकल हवी आहे. गौरवाच्या शब्दापेक्षा या गोष्टी स्वस्तही आहेत.

घरातील माणसांना माझे मागणे एवढेच की, आमच्या हातची कामे काढून घेऊ नका. ‘तुम्ही बसा, तुम्हाला दिसत नाही’ हे वाक्य प्रेमाचे खरे, पण ते रोज दहादा ऐकले की माणूस खरोखरच बसतो. आमच्या घरी मीठ, साखर, तिखट यांचे डबे ज्या जागी असतात तेथून ते कोणी हलवीत नाही. दार एक तर पूर्ण उघडे, नाही तर पूर्ण बंद, अर्धवट दाराने कपाळे फुटतात. चहा दिला की ‘उजव्या हाताशी कप आहे’ असे सांगितले जाते. खोलीत येणारा आपले नाव सांगतो, आणि जाताना ‘मी निघालो’ म्हणतो, जेणेकरून मी रिकाम्या खुर्चीशी बोलत राहू नये. एवढ्यावर आमचे घर सुखाने चालते. बाजारातून भाजी मी आणतो. वांगे व टोमॅटो बोटांनी पारखतो, नोटा घडीवरून ओळखतो, आणि शंका आली तर मोबाईलला विचारतो.

मोबाईलचा विषय निघाला म्हणून सांगतो. तरुण मंडळी ज्या यंत्रावर दिवस घालवितात, त्याच यंत्रात ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. ती सुरू केली की पडद्यावरचे सर्व काही यंत्र बोलून दाखविते, मराठीतही. औषधाच्या वेष्टनावर ते धरले तर नाव वाचते. अंध वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचे ग्रंथालय २०१६ पासून इंटरनेटवर आहे. निवृत्तीनंतर मी जेवढे वाचन केले, तेवढे डोळस असताना केले नव्हते. यावर एका स्नेह्याने विचारले, ‘अहो, पण हे ऐकणे झाले, वाचणे कुठे?’ आपल्याकडे हा प्रश्न विचारावा, याचेच मला आश्चर्य वाटले. येथून आळंदी हाकेच्या अंतरावर आहे. इंद्रायणीच्या काठी शेकडो वर्षे लाखो माणसांनी ज्ञानेश्वरी डोळ्यांनी नव्हे, कानांनीच घेतली. कीर्तनाला बसलेल्या शेतकऱ्याचे ज्ञान दुय्यम, असे आपण कधी म्हटले काय? त्याच आळंदीत अंध मुलींची ‘जागृती’ शाळा आहे. आपल्या लेकीसुनांनी एकदा तेथे अवश्य जावे. न्यायमूर्ती रानडे यांचे डोळे विद्यार्थिदशेपासून अधू झाले होते. रमाबाई त्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवीत. रमाबाईंच्या स्वतःच्या शिक्षणालाही त्या वाचनाने बळ आले असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते. आमच्या घरी नात मला धडे वाचून दाखविते. तिचे उच्चार सुधारले आणि माझा इतिहास.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः येथे उभा राहिलो, ती सांगतो. ती ज्ञातीच्या व्यासपीठावरच सांगावयास हवी, कारण तिचा संबंध सोयरिकीशी आहे.

माझ्या थोरल्या बहिणीलाही हीच व्याधी होती. तिचे लग्न ठरले तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिला बजावले, की संध्याकाळनंतर दिसत नाही हे सासरी कोणालाही कळता कामा नये. तिने ते वीस वर्षे पाळले. चुलीपासून हौदापर्यंत किती पावले, उंबरठा किती उंच, कोणाची चप्पल कोठे असते, हे तिने पाठ केले होते. रात्री मूल रडले तर ती भिंत धरून जाई. हात भाजला तर ‘लक्ष नव्हते’ म्हणे. सासरची माणसे दुष्ट नव्हती. ती म्हणे, ‘दादा, दिसत नाही याचे दुःख कमी आहे रे, दिसते असे दाखवावे लागते त्याने जीव दमतो.’ शेवटी एका डॉक्टरकडे नेल्यावर गुपित फुटले, तेव्हा तिच्या सासूबाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ओसरीवर मोठा दिवा लावला. वीस वर्षे त्या दिव्यावाचून गेली.

भगिनींनो, बंधूंनो, हे एका घराचे नाही. आपल्या वधूवर सूचीत उंची असते, रंग असतो, पगार असतो, पत्रिका असते. डोळ्यांचे काही नसते, आणि असेल ते झाकलेले असते. त्याचे कारण भीती आहे. एका मुलीला व्याधी निघाली तर साऱ्या भावंडांची स्थळे मोडतील, ही ती भीती, आणि ती खोटी नाही, कारण आपणच ती मोडतो. म्हणून या व्याधीचे चलन कसे असते ते नीट समजून घेऊ. पुष्कळ घराण्यांत ती प्रच्छन्न असते. आई व वडील दोघांकडेही तेच सदोष जनुक असेल, तर ते दोघे स्वतः निरोगी राहतात, पण त्यांच्या प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याची शक्यता चारात एक असते. काही घराण्यांत ती एकाच पालकाकडून थेट उतरते, काहींत निरोगी आईकडून मुलग्यांत येते. तेव्हा ‘सुनेच्या माहेरचा दोष’ हे म्हणणे अज्ञानाचे आहे. बहुधा दोष दोन्ही घरांचा सारखाच असतो, किंवा कोणाचाच नसतो. लपलेले असे एखादे सदोष जनुक बहुतेक प्रत्येक माणसाच्या अंगी असते. ते उघडे पडते ते दोन्हीकडून एकच आले म्हणजे. आणि एकच येण्याचा संभव नात्यातल्या लग्नात वाढतो. सख्ख्या आतेमामेभावंडांत आनुवंशिक द्रव्याचा सुमारे आठवा हिस्सा समाईक असतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी लग्ने निषिद्ध नात्यात धरली आहेत, आणि रूढी असेल तेथे सूट दिली आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही आपली जुनी रूढी त्या सवलतीत बसते. कायद्यात बसते म्हणून ती डोळ्यांना मानवते, असे नाही.

या रूढीवर येथे कोणी रागावतील, हे मी जाणतो. घरचे सोने घरात राहते, मुलगी ओळखीच्या उंबऱ्यात जाते, हे फायदे मी पाहिले आहेत. माझे आईवडील मामेआतेभावंडेच होती आणि त्यांचा संसार दृष्ट लागावा असा होता. तरीही मी म्हणतो की, ज्या घरात रातांधळेपणा आहे, त्या घराने तरी नात्यात सोयरीक करू नये, आणि ठरविण्यापूर्वी जनुकांचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. आणि ज्याला व्याधी आहे त्याने लग्न करू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. माझे लग्न मी व्याधी सांगून केले. पत्नी येथे पहिल्या रांगेत बसली आहे. आमच्या दोन्ही मुलांची दृष्टी उत्तम आहे.

मुलामुलींच्या शिक्षणाविषयी एवढेच सांगतो, की उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. २०१७ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या १२४ व्या आल्या आणि सनदी अधिकारी झाल्या. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की दृष्टिहीन आहे एवढ्या कारणाने कोणासही न्यायाधीशपदाच्या निवडीतून वगळता येणार नाही. असे असता आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘विद्यार्थी शारीरिकदृष्ट्या निर्दोष आहे’ अशी ओळ अद्याप छापलेली आहे. ती यंदा काढावी, अशी माझी अध्यक्षांना जाहीर विनंती आहे.

दुसरी विनंती अशी. वधूवर मेळाव्याच्या दिवशीच नेत्रतपासणी ठेवावी. पुणे अंधजन मंडळाचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय महंमदवाडीला आहे, तेथे विचारणा करता येईल. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांतील दाब पाहून घ्यावा. ज्यांच्या सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी तर टाळूच नये. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. जे मूल संध्याकाळी खेळ सोडून लवकर घरी येते, चित्रपटगृहात आईचा पदर सोडीत नाही, त्याला भित्रे म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. तपासणीचा कागद ज्याचा त्याने आपल्याजवळ ठेवावा, मंडळाने तो मागू नये. सूचीत काय लिहावे हे कुटुंबाने ठरवावे, मात्र ज्याच्याशी आयुष्य काढावयाचे त्याला ते साखरपुड्यापूर्वी सांगावे.

मला दिलेली वीस मिनिटे उलटून गेली असावीत. माझे घड्याळ बोलते, पण सभेत मी त्याला गप्प ठेवतो. कार्यक्रमानंतर मी डाव्या हाताच्या दुसऱ्या खांबाशी थांबणार आहे. बोलका मोबाईल, जाड रेघांची वही, हातभिंग आणि पांढरी घडीची काठी अशा चार वस्तू बरोबर आणल्या आहेत. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी यावे, हाताळाव्या. सर्वांसमोर विचारण्याचा संकोच वाटत असेल तर जेवणाच्या वेळी शेजारी येऊन बसावे. फक्त आल्यावर आपले नाव मोठ्याने सांगावे. मान हलवून नमस्कार केलात, तर तो माझ्यापर्यंत पोहोचणार नाही.